नव्याने जुळवलेल्या संगणकावर लिनक्स मिंट कसे बसवावे

सुटे भाग आणून घरी जुळवलेला संगणक कोरा असतो, त्यामुळे जुने काही पुसले जाण्याची धास्ती नसते. मात्र एखादी गोष्ट चालली नाही, तर दोष यंत्राचा की लिनक्स मिंट या मोफत कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टीमचा), हे नवख्याला चटकन उमगत नाही. म्हणून प्रत्यक्ष स्थापनेपेक्षा आधीच्या तपासणीला अधिक वेळ द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवशिक्याने लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. तिची मांडणी विंडोज वापरलेल्यांना ओळखीची वाटते, आणि २०२४ साली सुरू झालेल्या मिंटच्या २२ या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत.

प्रथम दुसऱ्या एखाद्या संगणकावर मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण मिंट सामावलेली एकच फाइल, उतरवून घ्यावी. ही फाइल सुमारे ३ जीबीची असते आणि कधीकधी सदोष उतरते. त्यामुळे तिचा शा-२५६ संकेत (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढून संकेतस्थळावरील संकेताशी ताडून पाहावा. त्यानंतर बलेना एचरसारख्या साधनाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. फाइल नुसती कॉपी केल्यास त्यावरून संगणक सुरू होत नाही. पेन ड्राइव्हवरचा आधीचा सर्व मजकूर या क्रियेत पुसला जातो.

आता नवा संगणक सुरू करताच डिलीट कळ दाबत राहून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरावे. जेवढी रॅम बसवली तेवढी पूर्ण दिसते का आणि एसएसडीचे (माहिती साठवणाऱ्या डिस्कचे) नाव यादीत आहे का, हे तेथेच पाहावे. दिसत नसल्यास वीज बंद करून तो भाग पुन्हा नीट बसवावा. मग बूट मेनूतून, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा याच्या यादीतून, पेन ड्राइव्ह निवडावा. त्यासाठी गिगाबाइटच्या मदरबोर्डवर बहुधा एफ१२, एमएसआयच्या एफ११ आणि असूसच्या एफ८ ही कळ असते. पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या यादीतील ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडून पाहावा.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालू होते आणि तोवर एसएसडीवर काहीही लिहिले जात नाही. येथे घाई करू नये. निदान अर्धा तास आवाज, वाय-फाय, ब्लूटूथ, प्रत्येक यूएसबी खाच आणि पडद्याची स्पष्टता तपासावी. वाय-फायची चिप अगदी नवी असेल, तर मिंटच्या कर्नलला (यंत्राचे भाग हाताळणाऱ्या गाभ्याला) ती ओळखता न येण्याचा संभव असतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून फोनच्या सेटिंगमधील यूएसबी टेदरिंग चालू केल्यास फोनचे इंटरनेट संगणकाला मिळते आणि पुढचे काम अडत नाही.

सारे ठीक असल्यास पडद्यावरील ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ हे चिन्ह उघडावे. भाषा व कळफलक निवडून मल्टिमीडिया कोडेकच्या (गाणी व चित्रफिती चालवण्यास लागणाऱ्या भागांच्या) चौकटीत खूण करावी. त्यानंतर येणारा ‘इरेज डिस्क’ हा संपूर्ण डिस्क पुसणारा पर्याय कोऱ्या एसएसडीसाठी योग्य आहे; परंतु जुन्या छायाचित्रांची हार्ड डिस्कही आत जोडलेली असेल, तर संगणक बंद करून तिची केबल आधीच काढून ठेवावी, कारण चुकीची डिस्क निवडली गेल्यास त्यावरील माहिती परत मिळण्याची खात्री नसते. भारतीय वेळेसाठी कोलकाता निवडून आपले नाव व पासवर्ड द्यावा.

संगणक पुन्हा सुरू होताना सूचना येईल तेव्हा पेन ड्राइव्ह काढावा. सर्वांत आधी टाइमशिफ्ट या मिंटमधील साधनात प्रणालीची एक प्रत जतन करावी, मग अपडेट मॅनेजर चालवावा. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असल्यास ड्रायव्हर मॅनेजरमधील शिफारस केलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) घ्यावा. मराठी टंकनासाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये मराठीचा ‘कगप’ हा उच्चारानुसारी आराखडा जोडता येतो; त्यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही.