युद्धकैद्याचा बिल्ला घासू नका

मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण जून 1942 मध्ये लिबियातल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. तिथल्या कैद्यांना आधी इटलीच्या छावण्यांत नेलं, आणि सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रं टाकल्यावर बऱ्याच जणांना जर्मनीला. त्यामुळे परभणी-लातूरकडच्या एखाद्या जुन्या ट्रंकेत पदकांखाली जस्ताचा राखाडी, आयताकृती बिल्ला निघू शकतो. मधोमध खाचांची रांग, दोन्ही अर्ध्यांवर तोच नंबर आणि छावणीचं नाव. कैदी दगावला की खाचांवरून मोडून एक अर्धा नोंदीसाठी काढून घेत.

तो दिवाळीला घासायच्या भांड्यांत घालू नका. चिंच, लिंबू आणि पितळ चकाकवायची पावडर, तिन्हींत आम्ल असतं. जस्त त्यात विरघळतं. ठसा आधीच उथळ, एकदा घासलं की नंबर पुसट होतो. रेड क्रॉसच्या जिनिव्हातल्या अभिलेखागारात शोध घ्यायचा तर हाच नंबर कामी येतो.

आधी फोटो. खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने जवळजवळ आडवा धरा. डोळ्यांना न दिसणारे आकडेही सावलीने उठून येतात. टॉर्च चारही बाजूंनी फिरवून दोन्ही पृष्ठांचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. मग नव्या, कोरड्या, मऊ ब्रशने फक्त सुटी धूळ झाडा. पांढरी भुकटी म्हणजे दमटपणाने गंजलेलं जस्त. घट्ट बसलेली टाचणीने खरवडू नका, तिच्याखाली ठसा असतो. खोबरेल लावलं तर धूळ चिकटते.

लाकडी किंवा प्लायवूडची डबी नको, तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. बिल्ला दोनदा धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत ओलावा शोषून रंग बदलणारं 50 ग्रॅम सिलिका जेल. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी जेलचा रंग बघा. बदलला असेल तर नवं घाला. खळ राहिली तर कसर लागते.

कैद्याच्या ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या डब्यावर खिळ्याने नाव कोरलेलं असलं तर धुण्याचा सोडा आणि काथ्या दोन्ही दूर ठेवा. सोडा ॲल्युमिनियम खातो.

पत्रं धातूपासून वेगळी ठेवा. ‘क्रिग्सगेफांगेनेनपोस्ट’ (जर्मनमध्ये ‘युद्धकैद्यांचं टपाल’) छापलेली कार्डं बहुधा पेन्सिलीने लिहिलेली असतात, बोट फिरवलं तरी अक्षर पुसतं. लॅमिनेशन तर कधीच नाही. ते परत काढता येत नाही. पत्राच्या पाकिटात सिलिका जेलही नको, कागद जास्त कोरडा पडतो. आपल्याकडे मे महिन्यात तो असाही कडक झालेला असतो, तेव्हा घडी उलगडली की घडीवरच तुकडा पडतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, उघडीप असताना, पत्र दोन दिवस सावलीत सपाट ठेवा, मग हळूहळू घडी उघडा आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा.