उलटी दिडकी आणि सरळ पावलं: ज्येष्ठांसाठी शरीर-मेंदूचा एकत्र व्यायाम

फुटाळा तलावाच्या काठाने सकाळी फिरणारे आणि घरी आल्यावर शब्दकोडं घेऊन बसणारे ज्येष्ठ नागपुरात पुष्कळ आहेत. दोन्ही सवयी चांगल्या, त्या सोडू नका. पण रोजच्या जगण्यात ही कामं एकावेळी एक अशी येत नाहीत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, भाजीची पिशवी सांभाळत, उरलेले पैसे मनात मोजत, स्कूटर चुकवत चालावं लागतं. वयानुसार हे दोन्ही एकदम सांभाळणं जड जातं, आणि तो सराव मुद्दाम करावा लागतो.

याला आधार आहे. कॅनडात ६५ ते ८४ वयाच्या, स्मृतीच्या सौम्य तक्रारी असलेल्या १७५ जणांवर २० आठवड्यांचा अभ्यास झाला. २०२३ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांत व्यायामाला बौद्धिक सरावाची जोड मिळालेल्या गटाची आकलन चाचणीतली प्रगती चांगली दिसली. जपानमध्ये पावलं टाकत मोजणी करण्याचा 'कॉग्निसाइज' हा प्रकार याच कल्पनेवर बेतलेला आहे. यामुळे स्मृतिभ्रंश बरा होतो असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सुरुवात करण्याआधी थोडी तयारी. गेल्या वर्षभरात पडणं झालं असेल, चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी करू नका आणि खिशात साखर ठेवा. पायात मागून बंद, पकड असलेले बूट हवेत; सपाता नकोत. चष्मा आणि कानाचं यंत्र लावूनच उभं राहा. खुर्ची भक्कम हवी, चाकांची नको, आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी.

पहिला आठवडा बसूनच. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात ताठ बसून एकेक गुडघा उचलत दोन मिनिटं जागच्या जागी चाला. पाय लयीत आले की १०० मधून ३-३ वजा करत मोठ्याने म्हणा: ९७, ९४, ९१. मोठ्याने म्हणायचं कारण असं की आकडा आठवताना नकळत श्वास रोखला जातो आणि त्याने रक्तदाब चढतो. बोलत राहिलं की श्वास चालू राहतो.

पुढे उभ्याने. स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा दहा वेळा उचला, मग एका पायावर १० सेकंद उभे राहा. हे जमलं की ओटा सोडायचा, पण त्याच्या हाताच्या अंतरावरच राहायचं, आणि जागच्या जागी पावलं टाकत १ ते ३० मोजायचं. प्रत्येक पावलाला एक आकडा, आणि ३, ६, ९ अशा ३ च्या पटीला टाळी. ते सहज येऊ लागलं की त्या आकड्याला फक्त टाळी, तोंडाने आकडा नाही. मग ३ ऐवजी ४.

तिसरा प्रकार चौकोनांचा. गच्चीवर किंवा अंगणात खडूने एकेक फुटाचे चार चौकोन आखा, दोन पुढे, दोन मागे, आणि त्यांत १ ते ४ आकडे घाला. रांगोळी वापरू नका, तिच्यावरून पाय घसरतो. शेजारी खुर्ची ठेवा. सोबतच्याने क्रम सांगायचा, समजा "१, २, ४, ३". आजींनी तो आधी बोलून दाखवायचा, मग पावलांनी, मग उलट्या क्रमाने. चार आकड्यांचा क्रम जमला की पाचांचा करा, एखादा आकडा पुन्हा आला तरी चालेल. यात मागे पडणारं पाऊल सगळ्यात गुणकारी, आणि तोल जाण्याचा धोकाही तिथेच. म्हणून सोबत्याने पुढे उभं राहून सूचना देऊ नये, किंचित मागे आणि बाजूला उभं राहावं.

चालताना: दोन मिनिटं नुसतं चालणं, दोन मिनिटं डोक्याला काम, असं आलटून पालटून. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

आता नेमकं कुठे चुकतं ते. बरेच जण चालताना हरिपाठ किंवा पाठ असलेले पाढे म्हणतात. मनाला बरं वाटतं, पण वर्षानुवर्षांच्या पाठांतराला मेंदूला जोर लावावा लागत नाही. तेच उलटं करा. आबांना दिडकी, म्हणजे दीडचा पाढा, पाठ असेल तर ती खालून म्हणू दे: पंधरा, साडेतेरा, बारा, साडेदहा, नऊ. मेट्रोची स्टेशनं सीताबर्डीपासून खापरीकडे एक सोडून एक: रहाटे कॉलनी, छत्रपती चौक, उज्ज्वलनगर. गावांच्या भेंड्याही छान, फक्त विदर्भातलीच गावं अशी अट घाला. पाचांत एखादं उत्तर चुकत असेल तर पातळी बरोबर आहे. एकही चुकत नसेल तर काम बदला, निम्मी चुकत असतील तर सोपं करा.

उत्तर देण्यासाठी पाय थांबत असतील तर ती खूण गंभीरपणे घ्या. बोलताना ज्यांचं चालणं थांबतं, त्यांच्यात पडण्याचा धोका जास्त असतो, हे स्वीडनमधल्या १९९७ च्या अभ्यासातही दिसलं. अशांनी बसून करायच्या प्रकारावर परत यावं. रस्ता ओलांडताना किंवा उखडलेल्या फुटपाथवर कोणतंही कोडं नको. डोकं पूर्ण रस्त्यावर. आणि घरच्यांनी प्रत्येक चुकीला "चुकलं" म्हणून टोकू नये. परीक्षा वाटली की दोन दिवसांत सराव बंद पडतो. "आबा, मस्त करून राहिले, आता सातचा उलटा" एवढं पुरतं.

आठवड्याला एकूण १५० मिनिटं चालणं आणि तीन दिवस तोल व ताकदीचे प्रकार, हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीला धरून आहे. डोक्याचं काम दर पंधरा दिवसांनी बदला. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा सातच्या आत चालणं उरकून घरी या किंवा घरातच येरझारा घाला. म्हाताऱ्या माणसांना तहान उशिरा कळते, म्हणून निघण्याआधीच पेलाभर पाणी द्या. हृदय किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन असेल तर ते पाळा.

ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारणं, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, असं दिसलं तर व्यायाम वाढवत बसू नका. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या) ओपीडीत किंवा तुमच्या डॉक्टरांकडे न्या आणि बी-१२, थायरॉईड व कानांची तपासणी करायला सांगा. यातल्या दोषांनीही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपचार आहेत.