इफडेफ टाकण्याआधी: कंपायलरच्या सपोर्ट लायब्ररीत नव्याने येणाऱ्यांसाठी

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात नवीन आलेल्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो: "लिनक्सवर सगळं चालतंय, विंडोजवर बिल्ड मोडतोय. इथे एक इफडेफ (कोडचा भाग अटीनुसार कंपाइल करायची प्रीप्रोसेसरची सूचना) टाकू का?" त्यावर मी उलट विचारतो, अडचण नक्की कुणाची आहे? होस्टची, टार्गेटची, की दोघांचीही नाही?

कंपायलर ज्या मशीनवर चालतो तो होस्ट आणि ज्याच्यासाठी कोड बनवतो तो टार्गेट. साध्या अॅप्लिकेशनमध्ये हा भेद कधी आडवा येत नाही, म्हणून त्याची सवय नसते. लिनक्सवर बसून विंडोजसाठी ऑब्जेक्ट फाइल बनवताना प्रीप्रोसेसरचा मॅक्रो फक्त होस्टबद्दल सांगतो. टार्गेट कोणता, हे ट्रिपलला, म्हणजे टार्गेटचा प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे सांगणाऱ्या नावाला, विचारायचं. कोड जनरेशनच्या भागात ऑपरेटिंग सिस्टिमचा इफडेफ दिसला, की रिव्ह्यू करताना मी पुढे वाचतच नाही.

अडचण खरोखर होस्टची असेल, तर तिची जागा सपोर्ट लायब्ररीत, म्हणजे एलएलव्हीएमच्या सगळ्या भागांना लागणाऱ्या सामायिक कोडमध्ये. पूर्वी यासाठी 'सिस्टिम' नावाची स्वतंत्र लायब्ररी होती, ती 2010 मध्ये सपोर्टमध्ये विलीन झाली. मांडणी सोपी आहे. हेडर एकच, आणि त्यात सिस्टिमचं कुठलंही हेडर येऊ द्यायचं नाही. सीपीपी फाइलमध्ये सामायिक भाग असतो. तीच फाइल होस्ट पाहून 'युनिक्स' किंवा 'विंडोज' फोल्डरमधली त्याच नावाची आयएनसी फाइल (इन्क्लूड करण्यासाठीचा कोडचा तुकडा) आत घेते. इफडेफ असतो, पण तेवढ्या एका ठिकाणी. हेडरबाबत एवढा कडकपणा का? विंडोजचं मुख्य हेडर मिन आणि मॅक्स नावाचे मॅक्रो आणतं. ते आपल्या हेडरमधून पसरलं, तर ज्याचा विंडोजशी काडीचा संबंध नाही अशा फाइलमध्ये भलतीच एरर येते.

फायलींची वाटणी दिवसभरात जमते. इंटरफेस ठरवायला मात्र डोकं लागतं. दुसरा प्रोग्रॅम चालवायचा आहे म्हणून फोर्क आणि एक्झेकसारखी (चालू प्रोसेसची प्रत काढणारी आणि तिच्या जागी दुसरा प्रोग्रॅम आणणारी) युनिक्सची फंक्शन्स उघडी केली, तर विंडोजवाला काय करणार? तिथे फोर्कच नाही. म्हणून 'चालव आणि संपेपर्यंत थांब' एवढंच काम सांगणारं फंक्शन ठेवलं आहे. युनिक्सवर आर्ग्युमेंट्सची यादी तशीच पुढे जाते. विंडोजच्या क्रिएटप्रोसेसला (नवा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनला) मात्र एकच लांब स्ट्रिंग लागते. समजा आर्ग्युमेंट आहे सी:\जुने काम\ असं. मध्ये स्पेस आहे म्हणून ते अवतरणात घालायचं, पण शेवटची बॅकस्लॅश बंद करणाऱ्या अवतरणचिन्हालाच गिळते. म्हणून ती दुप्पट करावी लागते. ही कटकट विंडोजच्या आयएनसीतच राहते, बाहेर कुणाला तिचा पत्ताही लागत नाही.

आता तिसरी शक्यता, जी हमखास निसटते. पाथचे तुकडे करणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम नाहीच, ती निव्वळ स्ट्रिंगची कामगिरी आहे. म्हणून पाथची फंक्शन्स शैली पॅरामीटर म्हणून घेतात आणि पॉझिक्स (म्हणजे युनिक्सची), विंडोज दोन्ही शैली प्रत्येक होस्टवर कंपाइल होतात. विंडोजच्या पाथच्या टेस्ट लिनक्सवर चालतात. असला कोड आयएनसीत ढकलला तर ही सोय जाते.

एररबद्दल थोडक्यात: विंडोजवर गेटलास्टएरर (शेवटच्या एररचा कोड) लगेच वाचून ठेवा, मधल्या एखाद्या कॉलने तो बदलू शकतो. आणि कुणी वापरणार नसेल असं फंक्शन 'पुढेमागे लागेल' म्हणून घालू नका.

वाचायला सुरुवात करायची तर दोन्ही बाजूंच्या पाथ फायली शेजारी उघडा आणि रिमूव्ह हे फाइल पुसायचं फंक्शन शोधा. युनिक्सच्या बाजूला आधी फाइलचा प्रकार तपासला जातो, नाहीतर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवलेला कंपायलर डेव्ह-नल, म्हणजे नको असलेला आउटपुट टाकायची सिस्टिमची खास फाइल, उडवून बसायचा. विंडोजवर फाइल आणि फोल्डर पुसायची फंक्शन्स वेगवेगळी. प्रकार विचारण्यात एक जास्तीचा सिस्टिम कॉल जाऊ नये म्हणून तिथे 'बंद होताच पूस' हा फ्लॅग लावून हँडल (उघड्या फाइलचा संदर्भ) उघडतात आणि सोडून देतात.