९,९९,९१९ मूळ आहे का? मोठी संख्या तपासताना या चुका टाळा

९,९९,९१९ सम नाही, शेवटी ५ नाही. अंकांची बेरीज ४६, म्हणजे ३ ने भाग जात नाही. आता पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करा: ९९९ − ९१९ = ८०. ८० ला ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून दिलेल्या संख्येलाही जात नाही (७ × ११ × १३ = १००१, म्हणून ही युक्ती चालते). इथवर आलं की बरेच जण ‘मूळ संख्या’ असा शिक्का मारून मोकळे होतात. फसगत होते ती इथेच.

मूळ ठरवायची तर वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. इथे वर्गमूळ १००० च्या किंचित अलीकडे, आणि तिथवर मूळ संख्या १६८. क्रमाने भागत गेलात तर १६६ वेळा बाकी उरते आणि १६७ व्या खेपेला ९९१ ने पूर्ण भाग जातो! भागाकार १००९. शंभरेक भागाकारांनंतर कंटाळलात, तर उत्तर चुकलंच.

खरं तर एवढी हमाली करायचीच नव्हती. संख्येत ८१ मिळवा, १०,००,००० होतात. म्हणजे १०००² − ९², म्हणजेच (१००० − ९)(१००० + ९). ही फर्माची रीत. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ती झटपट लागू पडते, एरवी रखडते. तरी भागाकाराला बसण्याआधी दोन-चार वर्ग मिळवून बघायला काय जातं?

विभाजक मोजताना घातांकांची नुसती बेरीज करू नका. ७,२०,७२० = २⁴ × ३² × ५ × ७ × ११ × १३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: ५ × ३ × २ × २ × २ × २ = २४०. संख्या विपुल (इतर विभाजकांची बेरीज तिच्याहून मोठी) की न्यून (बेरीज तिच्याहून लहान) हे ठरवताना तिला स्वतःला विभाजकांच्या बेरजेतून वगळायला विसरू नका. इथे वगळूनही २५,२९,०७२ उरतात, म्हणून ही विपुल. ९,९९,९१९ ची बेरीज जेमतेम २००१, ती न्यून.

एक्सेलवर विसंबत असाल तर जपून. ते पंधराच अंक जपतं. २⁶⁷ − १ म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. सेलमध्ये टाकलीत की शेवटच्या सहा अंकांची शून्यं होतात आणि विषम संख्या चक्क १० ने विभाज्य ठरते. हिचे अवयव अमेरिकन गणिती कोल यांनी १९०३ मध्ये दाखवले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. अशा वेळी पायथॉनसारखी, पूर्णांक कितीही मोठा चालणारी भाषा वापरा.

राहिली फर्माची मूळ-चाचणी. एखादी संख्या पाया म्हणून घ्या, तपासायच्या संख्येहून एकने कमी इतका तिचा घात करा आणि तपासायच्या संख्येने भागा; ती मूळ असेल आणि पायाला तिने भाग जात नसेल, तर बाकी १ च उरते. ३४१ घ्या. २¹⁰ = १०२४ = ३ × ३४१ + १, म्हणून २³⁴⁰ ला ३४१ ने भागल्यावर बाकी १ उरते. चाचणी पास! पण ३४१ = ११ × ३१. २ ऐवजी ३ घेतलात तर बाकी ५६ येते आणि सोंग उघडं पडतं. ५६१ मात्र त्याहून बिलंदर: ३, ११, १७ हे तिचे अवयव, आणि यांपैकी कशानेही भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, बाकी १ च. म्हणून प्रोग्रॅम लिहिताना साध्या फर्मा-चाचणीऐवजी तिचीच अधिक कडक आवृत्ती असलेली मिलर-राबिन चाचणी घ्या, आणि तीही एकाच पायावर थांबवू नका.