स्वतःचा प्रिंटएफ लिहिताय? आधी चाचण्या तपासा

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताना कधी ना कधी प्रिंटएफ, म्हणजे दिलेल्या साच्यात मजकूर छापणारं तिचं फंक्शन, स्वतः लिहून बघायची हुक्की येतेच. चाचणीची पद्धतही ठरलेली असते: तोच फॉरमॅट (छापायचा साचा), तीच आर्ग्युमेंट्स (त्यात भरायच्या किमती) लायब्ररीच्या फंक्शनला द्यायची, मग आपल्या फंक्शनला द्यायची आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. नवशिक्यांचे असे प्रकल्प तपासताना मी कोडच्या आधी चाचण्यांची फाइल उघडतो. खरा घोळ बहुधा तिथेच असतो.

नल पॉइंटरचंच, म्हणजे कुठल्याच जागेकडे न दाखवणाऱ्या पत्त्याचंच घ्या. %एस ला, म्हणजे साच्यातल्या स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) जागेला, नल दिला की लिनक्सवरची जीलिबसी ही सीची लायब्ररी कंसात ‘नल’ असं छापते, आणि तेच ‘अपेक्षित उत्तर’ म्हणून चाचणीत जाऊन बसतं. सीच्या स्टँडर्डनुसार मात्र इथे वैध स्ट्रिंगच द्यावी लागते, नाहीतर अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणजे यूबी: पुढे काय होईल याची स्टँडर्ड काहीच हमी देत नाही. फॉरमॅटमध्ये फक्त %एस आणि नवी ओळ असेल, आणि परत आलेली किंमत वापरली नसेल, तर जीसीसी हा कंपायलर त्या कॉलच्या जागी सरळ पुट्स हे नुसती स्ट्रिंग छापणारं फंक्शन बसवतो. आता तोच नल प्रोग्राम पाडतो. मग बरोबर उत्तर कोणतं? प्रश्नच नियमाबाहेरचा आहे, त्याला बरोबर उत्तर नाही. तुमच्या फंक्शनने नल सांभाळावा असं वाटत असेल तर खुशाल सांभाळा, पण तो तुमचा नियम म्हणून लिहून ठेवा आणि त्याची चाचणी वेगळी करा. लायब्ररीला त्यात साक्षीदार करू नका.

%एस ला शून्याचा फ्लॅग (आकड्यांपुढची मोकळी जागा शून्यांनी भरायची खूण) लावणं हाही त्यातलाच प्रकार. जीलिबसी रिकाम्या जागा भरते, मॅकवर शून्यं येतात. एकाच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं, दुसऱ्याच्या लाल, आणि दोघेही तासन्‌तास आपल्या कोडमध्ये चूक शोधतात. साइझ_टी प्रकारची (आकार मोजणारी) किंमत साध्या इंटसाठीच्या %डी ने छापणं, किंवा एसप्रिंटएफला (छापायचा मजकूर मेमरीतल्या जागेत, म्हणजे बफरमध्ये, लिहिणाऱ्या फंक्शनला) एकच बफर स्रोत आणि लक्ष्य म्हणून देणं, हेही यूबीच.

याच्या उलट, पूर्णपणे वैध असलेल्या चाचण्या मुलं लिहीत नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटतं. %एस ला ३ ची प्रिसिजन (जास्तीत जास्त तीनच अक्षरं छापायची मर्यादा) दिली, तर शेवटी शून्य-बाइट (स्ट्रिंग संपल्याची खूण) नसलेला तीन अक्षरांचा अ‍ॅरे चालतो. ज्यांनी आत आधी एसटीआरलेन, म्हणजे शून्य-बाइटपर्यंत लांबी मोजणारं फंक्शन, बोलावलंय ते इथे सापडू शकतात. ३२ बिटांच्या इंटचा −२१४७४८३६४८ हा आकडाही वैधच. त्याचं चिन्ह उलटवून छापणारं कोड मात्र यूबीत पडतं. म्हणजे इथे प्रश्न चोख, खोट उत्तरात.

सीच्या १९९९ च्या स्टँडर्डमध्ये (सी९९) आलेल्या एसएनप्रिंटएफसाठी, म्हणजे बफरचा आकारही सांगाव्या लागणाऱ्या एसप्रिंटएफसाठी, बफर आधी एखाद्या ठरावीक बाइटने भरून घ्या. आकार ०, १, नेमकी लांबी आणि लांबी अधिक एक, असे चारही द्या. दिलेल्या आकारापलीकडचा बाइट बदलला नाही ना, तेही पाहा. जागा अपुरी असली तरी परत येणारी किंमत पूर्ण मजकुराच्या लांबीची असते, शून्य-बाइट सोडून. इथे बरेच जण अडखळतात.

कंपायलरला वॉल (-Wall) पर्याय लावून येणारे फॉरमॅटचे इशारे चाचण्यांच्या फाइलवरही चालू ठेवा. तिथे ते बंद करायची सवय फार बोकाळली आहे. अ‍ॅड्रेस आणि यूबी सॅनिटायझर (प्रोग्राम चालताना मेमरीच्या आणि यूबीच्या चुका पकडणारी साधनं) दोन्ही लावा, पण शून्याचा फ्लॅग लावलेल्या %एस बद्दल ते काही बोलणार नाहीत. तिथे फॉरमॅटचे इशारेच कामी येतात, आणि शंका राहिली तर स्टँडर्डमधला एफप्रिंटएफचा भाग (फॉरमॅटचे नियम तिथेच आहेत) उघडून स्वतःच वाचावा लागतो.