रस्किन वाचायचाय? आधी पंचगंगेच्या घाटावर जा

इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन (१८१९-१९००) वाचायला घेताय तर त्याच्या ‘मॉडर्न पेंटर्स’पासून अजिबात सुरू करू नका, पाच खंड आहेत, १८४३ ते १८६० एवढ्या वर्षांत आलेले, तिथंच दमाल. त्यापेक्षा सकाळी कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर जा, एक गोल दगड उचला आणि पेन्सिलीनं त्याचं चित्र काढा. कडेची रेघ ओढायची घाई नको, सावली कुठं गडद कुठं फिकी तेवढंच बघत बसा. दगड जमला की सगळं जमतं असं १८५७ च्या ‘द एलिमेंट्स ऑफ ड्रॉइंग’मध्ये त्यानं सांगितलंय, आणि लंडनला कामगारांच्या कॉलेजात तो स्वतः चित्रकला शिकवायचा.

मग कोल्हापुरी चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, चप्पल लाईनला या. हातानं केलेली जोडी घ्या, वेणी अगदी जवळनं बघा, डावीची वीण उजवीसारखी तंतोतंत नसते. आता ‘द स्टोन्स ऑफ व्हेनिस’मधलं गॉथिकवरचं, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या बांधकामशैलीवरचं प्रकरण उघडा. असा कमीजास्तपणा म्हणजे माणूस मोकळेपणानं काम करतोय याची खूण, अन् त्याच्याकडनं मशीनसारखी अचूकता मागितली की तुम्ही त्या माणसाचं नुसतं अवजार करून टाकता, हे तो तिथं मांडतो. मला विचाराल तर एवढं एकच प्रकरण वाचलं तरी लई झालं.

शेवटी ‘अनटू धिस लास्ट’, अर्थशास्त्रावरचे चारच निबंध. १९०४ मध्ये गांधीजींनी हे जोहान्सबर्ग-डर्बन रेल्वेत वाचलं आणि पुढं ‘सर्वोदय’ नावानं गुजरातीत आणलं. मजुरीवरचा भाग हळू वाचा, आणि पुढच्या वेळी चपलेची घासाघीस करायच्या आधी कारागिराला विचारा, या जोडीला किती दिवस लागले.