लेगोच्या मॉडेलमध्ये लाईट लावायचेत? आधी वायरीचं बघा

ठोकळ्यांच्या मॉडेलमध्ये लाईट लावायचे म्हटलं की सगळे आधी एलईडी शोधायला लागतात, कुठला रंग, किती ब्राईट, लुकलुकणारे मिळतात का वगैरे. पण खरं डोकं खातं ते वायरीचं काम. एलईडी काय, कुठेही बसतो, त्याची वायर बाहेर कुठून निघणार हे आधी ठरलेलं नसेल तर अर्धं मॉडेल उसकटायची वेळ येते. त्यामुळे नवीन सेट बांधत असाल तर बांधता बांधताच वायरी टाकत चला, आणि आधीच बांधून ठेवलेलं असेल तर छप्पर आणि मागची भिंत कुठपर्यंत सुटी होते ते आधी बघून घ्या.

थोडी मापं लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागतात. ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, मध्यापासून मध्यापर्यंत ८ मिमीवर असतात आणि एक स्टड ४.८ मिमी रुंद असतो, म्हणजे दोन स्टडच्या मध्ये ३.२ मिमीची गल्ली उरते. वायर न्यायची ती या गल्लीतून, स्टडच्या डोक्यावरून कधीच नाही. वरचा ठोकळा स्टडला आवळूनच बसतो, त्यात वायर सापडली तर एकतर ठोकळा वर उचललेला राहतो नाहीतर वायर चेचली जाते, आणि चेचलेली वायर लगेच कळत नाही हो, दोन दिवसांनी लाईट लागेनासा होतो आणि आपण उगाच सेल बदलत बसतो. गल्लीतून नेली तरी वरच्या ठोकळ्याची कड तिच्यावर टेकतेच, म्हणून वायर बारीक हवी, फार तर ०.३ मिमी. घरात पडलेली जुन्या चार्जरची वायर इथे चालणार नाही, बेसच्या खाली मोकळ्या जागेत वापरा हवी तर.

मजल्यावरून वर-खाली वायर न्यायला काही पार्ट फार कामाचे आहेत. २×२ च्या गोल ठोकळ्याला मधोमध आरपार भोक असतं. पोकळ स्टडवाला १×१ चा गोल ठोकळा पण आरपार मोकळा असतो. टेक्निक ठोकळ्यातून, म्हणजे बाजूला आरपार भोकं असलेल्या ठोकळ्यातून, भिंतीच्या आतून बाहेर सरळ रस्ता मिळतो. यातला एखादा मागच्या कोपऱ्यात साध्या ठोकळ्याच्या जागी घातला तर पुढून काही कळतही नाही.

आता एलईडी. दोन रस्ते आहेत. एक, रेडिमेड किट घ्या, त्यात एलईडीला आधीच वायर आणि इवलासा कनेक्टर लावलेला येतो. सोल्डरिंग, म्हणजे कथिल वितळवून वायरी जोडणं, करायचं नसेल तर हाच रस्ता बरा, फक्त ते कनेक्टर बोटांनी दाबू नका, चिमट्याने धरा, सॉकेटमधल्या पिना आणि कनेक्टरची बाजू नीट बघा आणि सरळ रेषेत सरकवा. जोर लावावा लागतोय म्हणजे उलटा आहे. पिन एकदा वाकली की ती सरळ करणं महाकठीण. आणि ओढून काढताना वायरीला धरून ओढायचं नाही, हे सांगायला नको पण सगळे तेच करतात.

दुसरा रस्ता स्वतः जोडायचा. यासाठी वायर जोडूनच विकले जाणारे एसएमडी, म्हणजे इवलेसे चपटे एलईडी बघा, ०६०३ साईझचा एलईडी १.६ बाय ०.८ मिमी असतो, तो प्लेटच्या, म्हणजे पातळ चपट्या ठोकळ्याच्या, खालच्या पोकळीत आरामात मावतो. गोल ३ मिमीचा एलईडी टेक्निक ठोकळ्याच्या भोकात थोडा सैल बसतो, पोकळ स्टडमध्ये बरोबर बसतो, त्यामुळे गाडीच्या हेडलाईटला तो छान. ५ मिमीचा मात्र टेक्निकच्या ४.८ मिमीच्या भोकात दाबून बसवू नका, ठोकळ्याला तडा जायची शक्यता असते.

रेझिस्टरशिवाय, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या पार्टशिवाय, एलईडी ५ व्होल्टला जोडायचा नाही. हिशोब सोपा आहे, सप्लायच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि जेवढा करंट हवा त्याने भागा. पांढरा आणि निळा साधारण ३ व्होल्ट घेतात, लाल आणि पिवळा २ च्या आसपास. म्हणजे यूएसबीच्या ५ व्होल्टवर पांढऱ्यासाठी २ व्होल्ट उरतात, ९ मिलिअँप हवे असतील तर २२० ओहम. पण माझं स्पष्ट मत आहे की मॉडेलला ९ मिलिअँप फार होतात, १००० ओहम लावा, २ मिलिअँपवर सुद्धा खोली उजळते आणि डोळ्यात घुसत नाही. सगळे एलईडी पॅरललमध्ये, म्हणजे एकामागे एक नाही तर प्रत्येक वेगळा सप्लायला, जोडा आणि प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर द्या. पैसे वाचवायला लाल आणि पांढरा एकाच रेझिस्टरवर टाकला तर सगळा करंट लालच खाऊन टाकतो, पांढरा लागतच नाही, आणि मग लोकांना वाटतं एलईडी खराब आलाय.

बारीक तांब्याच्या वायरीवर वार्निशचा थर असतो, तो न काढता जोडली तर करंट जात नाही. गरम सोल्डरिंग आयर्नवर थोडं सोल्डर घेऊन टोक दोन-तीन सेकंद त्यात बुडवलं की थर जळून टोक चकचकीत होतं. हे सगळं मॉडेलपासून लांब बसून करा, ठोकळ्यांचं एबीएस प्लास्टिक १०० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि आयर्न ३०० च्या वर असतं. आणि प्रत्येक एलईडी बसवायच्या आधी नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर लावून बघा, प्लस-मायनस पण तिथेच कळतं.

आता लाईट कुठे लावायचा. इथे बहुतेक जण चुकतात असं मला वाटतं, कारण ते दिवा दिसेल असा लावतात. दिवा दिसायला नको, त्याचा उजेड कशावर तरी पडलेला दिसायला हवा. समजा रस्त्याकडेच्या दुकानाचं मॉडेल आहे, पुढे काचेची खिडकी. एलईडी खिडकीच्या अगदी मागे वर, छताच्या प्लेटखाली, पुढच्या भिंतीला चिकटून लावा आणि तोंड आतल्या बाजूला करा. म्हणजे उजेड मागच्या भिंतीवर आणि काऊंटरवर पडतो, बाहेरून बघताना टोकदार ठिपका दिसत नाही, आतल्या वस्तू दिसतात. तोच एलईडी मागच्या भिंतीवर लावला तर समोरून फक्त एक डोळे दिपवणारा ठिपका दिसतो, बाकी दुकान काळं. वायर छताच्या प्लेटखालून मागच्या कोपऱ्यात न्या, तिथून गोल ठोकळ्यातून खाली. तरीही उजेड कडक वाटला तर एलईडीसमोर ट्रेसिंग पेपरचा छोटा तुकडा लावा.

घरात आणि दुकानात वॉर्म व्हाईट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, २७०० ते ३००० केल्विनवाला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). पांढराशुभ्र ६००० केल्विनवाला गॅरेज, लॅब, स्पेसशिप असल्या ठिकाणी ठीक आहे. सगळ्या खिडक्यांत लाईट लावू नका, खऱ्या बिल्डिंगमध्ये तरी सगळ्या खिडक्या कुठे उजळलेल्या असतात! दोन-तीन अंधारात राहू द्या. आणि लुकलुकणारे रंगीत तर एका मॉडेलमध्ये एकच, पोलिसांच्या गाडीवर किंवा साईनबोर्डवर. नाहीतर लग्नाचा मंडप होतो.

लाईट लागला की एक गोष्ट लगेच दिसते, भिंती चमकायला लागतात. पांढरे, पिवळे, फिक्या रंगाचे ठोकळे उजेड आरपार सोडतात आणि ठोकळ्यांमधल्या फटीतून रेषा दिसतात. काळ्या ठोकळ्यातून उजेड जात नाही, त्यामुळे जागा असेल तर आतून काळ्या ठोकळ्यांची एक भिंत उभी करा, नसेल तर काळा कागद चिकटवा. अॅल्युमिनियम फॉईल पण चालते आणि उजेड परत आत फेकते, फक्त ती करंट वाहून नेते, उघड्या जोडाला टेकली की शॉर्ट. आधी जोडांवर इन्सुलेशन टेप मारा. चिकटवायला सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने पारदर्शक पार्ट पांढुरके पडतात. साधी दुहेरी टेप किंवा पुन्हा निघणारी चिकटपट्टी पुरते, शेवटी उद्या मॉडेल मोडायचंही असू शकतं.

मजले सुटे होणारी बिल्डिंग असेल, तर प्रत्येक मजल्याची वायर वेगळी ठेवा आणि मजल्यांच्या मध्ये कनेक्टर द्या, वरचा मजला उचलून बाजूला ठेवता येईल एवढी चार-पाच सेंटिमीटर ढिली वायर सोडून. ही ढिली वायर मागच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवायला दोन-तीन स्टडची मोकळी जागा बांधतानाच सोडा.

पॉवरचं बघू. तीन डबल ए सेलचा बॉक्स ४.५ व्होल्ट देतो, बहुतेक कामाला पुरतो, वीस एलईडी २ मिलिअँपने म्हणजे ४० मिलिअँप, २००० मिलिअँप-अवरच्या सेलवर ढोबळमानाने पन्नास तास. कायम शेल्फवर राहणारं मॉडेल असेल तर चांगल्या ५ व्होल्टच्या यूएसबी अडॅप्टरवर लावा. पॉवर बँकेचं जरा अवघड आहे, एवढा कमी करंट बघून बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या थोड्या वेळाने बंद होतात, यात तुमच्या वायरिंगची काही चूक नाही. नाण्याएवढे सेल एका-दोन एलईडीला ठीक, पण घरात लहान मूल असेल तर ते अजिबात नकोत किंवा स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ठेवा, असा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

छप्पर बंद करायच्या आधी सगळं जोडून तासभर चालू ठेवा. कुठला जोड किंवा रेझिस्टर हाताला गरम लागतोय का बघा, मॉडेल उचलून हलकं हलवा, लाईट मिणमिणला तर तिथेच जोड ढिला आहे. आणि कुठली वायर कुठल्या मजल्याची ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्या त्या वायरीला चिकटवा, सहा महिन्यांनी एखादा एलईडी बदलायला उघडाल तेव्हा सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.